"ताई, किती घेतली तर चालतं?"

जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान असतं. त्या निमित्ताने मोहन्यातल्या एका शाळेत नववीच्या वर्गासमोर बोलायला मला बोलावलं होतं. मी केमिस्ट्रीत एमएस्सी केलं आणि मग इतिहासाकडे वळले. रक्तातली दारू मोजण्याची पद्धत मुंबईत कशी आली, कोर्टात कशी रुळली, हा माझ्या पीएचडीचा विषय. गावात याचं सोपं भाषांतर "ती दारूवर पीएचडी करते" असं झालेलं आहे. सरांना त्यामुळे वाटलं असावं की मी व्यसनमुक्तीवर छान बोलेन.

मी बोललेही. दारू वाईट, आयुष्याची नासाडी, आईवडिलांचा विचार करा वगैरे. मुलं शांत बसून होती. नववीतली मुलं इतकी शांत बसली की समजावं, कोणी ऐकत नाहीये. शेवटी "काही प्रश्न?" म्हटल्यावर मागच्या बाकावरून आवाज आला, "ताई, किती घेतली तर चालतं?"

वर्ग हसला. सर कडाडले. पण मला तो प्रश्न आवडला. मी सांगितलं, "कायद्याने १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. त्याच्या वर गेलं की गुन्हा."

"३० म्हणजे किती? क्वार्टर?"

इथे मी अडकले. उत्तर येत नव्हतं असं नाही. वजन, पोटातलं अन्न, वेळ हे सगळं घालून गणित मांडता आलं असतं. पण ते फळ्यावर मांडलं असतं तर मुलं एवढंच शिकली असती की इतकी घेऊन गाडी चालवता येते. म्हणजे माझ्याकडे दोनच गोष्टी होत्या, एक उपदेश आणि एक आकडा, आणि दोन्ही त्या मुलांच्या काही कामाचे नव्हते. घरी येताना डोक्यात एकच विचार होता, हे दोनच आपल्या हातात का आहेत? आकडा कुठून आला हे मला माहीत होतं, तोच तर माझा अभ्यास. पण उपदेश आणि आकडा एकाच घरातून आलेत हे त्या दिवशी पहिल्यांदा नीट लक्षात आलं.

कुलाबा, १९५१

गोष्ट सुरू होते मुंबई दारूबंदी कायद्यापासून. कायदा १९४९ चा. मोरारजी देसाई तेव्हा मुंबई राज्याचे गृहमंत्री होते आणि दारूबंदी हा त्यांच्या श्रद्धेचा विषय होता. या कायद्याला न्यायालयात आव्हान दिलं गेलं आणि २५ मे १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बलसारा खटल्याचा निकाल दिला. कायदा बहुतांश टिकला, पण एक फट पडली. दारूचा अंश असलेली औषधं आणि प्रसाधनं बाळगण्यावर, वापरण्यावर सरसकट बंदी घालता येणार नाही, असं न्यायालयाने ठरवलं.

चारच दिवसांनी, २९ मे १९५१ च्या रात्री साडेनऊच्या सुमारास, कुलाब्यात एका जीपची तीन जणांना धडक बसली. जीप चालवणाऱ्यांचं नाव बेहराम खुर्शीद पेसिकाका. हुद्दा काय, तर मुंबई विभागाचे प्रभारी प्रादेशिक परिवहन अधिकारी. आपल्या भाषेत आरटीओ साहेब.

पोलिसांनी त्यांना सेंट जॉर्जेस रुग्णालयात नेलं. डॉक्टरांनी तपासलं. तोंडाला दारूचा वास होता, डोळे लालसर होते, बाहुल्या थोड्या विस्फारलेल्या होत्या. पण बोलणं सुसंगत होतं, वागणं ठीक होतं आणि सरळ रेषेत चालता येत होतं. डॉक्टरांचं मत असं पडलं की यांनी कुठल्या तरी स्वरूपात दारू घेतली आहे, पण ते दारूच्या अंमलाखाली आहेत असं दिसत नाही.

रक्त तपासलं नाही. फुंकायला यंत्रही नव्हतं. नाक, डोळे आणि जमिनीवरची एक रेषा, एवढीच त्या रात्रीची प्रयोगशाळा.

आता कायदा बघा. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात नशेत गाडी चालवण्याबद्दल कलम होतं, ११७. पण ते लागू व्हायला चालकाचं गाडीवर नीट नियंत्रण राहू शकत नाही इतकी नशा सिद्ध व्हावी लागे. सरळ रेषेत चालणाऱ्या माणसाबद्दल ते सिद्ध करणं कठीण. दारूबंदी कायद्याला मात्र गाडीशी देणंघेणं नव्हतं. परवान्याविना दारू प्यायली, एवढाच गुन्हा तिथे पुरेसा होता. पेसिकाकांवर निष्काळजीपणाने दुखापत केल्याचेही आरोप होते, पण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला तो दारू पिण्याचा आरोप.

पेसिकाकांचं म्हणणं होतं की त्यांनी बी. जी. फॉस नावाचं टॉनिक घेतलं होतं. त्यात अल्कोहोल असतं. मॅजिस्ट्रेटने त्यांना सोडलं. सरकार अपिलात गेलं, उच्च न्यायालयाने दोषी ठरवून एक महिना सक्तमजुरी आणि ५०० रुपये दंड ठोठावला. सर्वोच्च न्यायालयात प्रश्न असा झाला की तोंडाचा वास टॉनिकचा की बंदी असलेल्या दारूचा, हे सिद्ध करायचं कोणी? बलसारा निकालानंतर औषधातली दारू गुन्हा राहिली नव्हती, त्यामुळे ही बंदी असलेलीच दारू होती हे सरकारने सिद्ध करायला हवं, असं बहुमताने ठरलं. १९५४ मध्ये पेसिकाका निर्दोष सुटले.

घटनात्मक कायदा शिकणाऱ्या प्रत्येकाला हा खटला माहीत असतो. घटनाबाह्य ठरलेल्या कायद्याच्या भागाचं पुढे काय होतं, यावर त्यात मोठी चर्चा आहे. मीही तो कितीदा वाचलाय. शाळेतून घरी आल्यावर पुन्हा उघडला तेव्हा वेगळीच गोष्ट खटकली. रस्त्यावर पडलेले तीन जण पहिल्या काही ओळींत येतात आणि मग गायब होतात. पुढची सगळी पानं बाटलीत काय होतं याबद्दल आहेत. न्यायालयाची त्यात चूक नाही, समोर आलेला प्रश्नच तसा होता. पण प्रश्न तसा का आला? कारण आमच्या राज्यात दारू हा आधी पापाचा विषय होता. ती रस्त्यावरच्या इजेचं कारण आहे, हे खूप नंतर सुचलं.

डायक्रोमेटचा रंग

पेसिकाका प्रकरणाने सरकारची अडचण झाली. वासावरून काही सिद्ध होत नाही म्हटल्यावर मोजमाप हवं. १९५९ मध्ये दारूबंदी कायद्यात दुरुस्ती झाली. संशयिताला डॉक्टरांकडे नेऊन रक्त काढून घेण्याची तरतूद आली आणि सोबत एक आकडाही आला, ०.०५ टक्के. म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम. त्याहून कमी नसेल, तर आपण औषधच घेतलं होतं हे सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवर.

हाच आकडा जगात आधी दुसऱ्या कामासाठी आला होता. स्वीडनच्या एरिक विडमार्क यांनी १९२२ मध्ये बोटाच्या टोकातून काढलेल्या काही थेंब रक्तातली दारू मोजायची पद्धत बसवली. ज्यांनी अकरावी-बारावीला प्रयोगशाळेत पोटॅशियम डायक्रोमेट हाताळलंय त्यांना ती लगेच कळेल. नारिंगी डायक्रोमेट आम्लात अल्कोहोलला भेटलं की अल्कोहोलचं ऑक्सिडीकरण होतं आणि क्रोमियम हिरवं होतं. किती डायक्रोमेट खर्च झालं यावरून दारू किती होती ते काढायचं. या मोजमापाच्या आधारावर नॉर्वेने १९३६ मध्ये नियम केला की रक्तात ०.०५ टक्क्यांच्या वर दारू असताना गाडी चालवणं हाच गुन्हा. झोकांडी जातेय की नाही, हे बघायची गरज नाही.

अमेरिकेत रोला हार्गर यांनी १९३० च्या दशकात श्वासावरून दारू मोजायचं यंत्र केलं. माणसाला फुगा फुगवायला लावायचं आणि तो श्वास रसायनातून सोडायचा. पुढे इंडियाना राज्याच्या पोलीस दलातले रॉबर्ट बोर्केनस्टाइन यांनी डायक्रोमेट आणि प्रकाश मोजणारा फोटोसेल एकत्र करून सुटसुटीत ब्रेथलायझर बनवला. साल १९५४. तिकडे पोलीस ठाण्यात फुंकून मोजायचं यंत्र तयार होत होतं, त्याच वर्षी आमच्याकडे सर्वोच्च न्यायालय तोंडाच्या वासाचा अर्थ लावत होतं.

यातलं साम्य आणि फरक दोन्ही बघण्यासारखे आहेत. नॉर्वेचा आकडा ०.०५, मुंबईचाही ०.०५. पण नॉर्वेचा आकडा विचारत होता, "हा माणूस गाडी चालवायच्या लायकीचा आहे का?" मुंबईचा आकडा विचारत होता, "याने औषध घेतलं की दारू?" रसायनशास्त्र तेच होतं, प्रश्न मात्र निराळा.

३० कुठून आलं

बोर्केनस्टाइन यंत्र करून थांबले नाहीत. १९६२-६३ मध्ये मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स शहरात त्यांनी एक मोठा अभ्यास केला. अपघातात सापडलेले सुमारे सहा हजार चालक आणि त्याच रस्त्यांवरून बिनअपघाताचे जाणारे साडेसात हजारांच्या आसपास चालक, दोघांच्याही श्वासातली दारू मोजली आणि तुलना केली. दारू वाढते तसा धोका वाढतो, आणि एका टप्प्यानंतर भराभर वाढतो, हे त्यातून आकड्यांत दिसलं. ब्रिटनने १९६७ मध्ये ८० मिलिग्रॅमची मर्यादा लागू केली तेव्हा हा अभ्यास त्यांच्यासमोर होता.

या अभ्यासात एक विचित्र गोष्ट निघाली होती. अगदी थोडी दारू घेतलेले चालक अजिबात न घेतलेल्यांपेक्षाही सुरक्षित दिसत होते! दारूवाल्यांना आनंद व्हावा असा निष्कर्ष. पुढे इतर संशोधकांनी आकडे फोडून बघितले तेव्हा गोम कळली. न प्यायलेल्यांच्या गटात अगदी नवखे आणि अगदी म्हातारे चालक जास्त होते, आणि त्यांचा धोका मुळातच जास्त असतो. सारख्या माणसांची सारख्या माणसांशी तुलना केली की तो फायदा नाहीसा होतो. तरुण, नवख्या चालकांच्या बाबतीत तर थोड्या दारूनेही धोका झपाट्याने वाढतो. गाडीही नवी आणि दारूही नवी, मग दोन्हींची चूक एकाच वेळी होते.

आपल्याकडे १९८८ चा मोटार वाहन कायदा आला तेव्हा कलम १८५ मध्ये भाषा होती की रक्तात दारू कितीही कमी असली तरी गुन्हा. १९९४ च्या दुरुस्तीने तिथे ३० मिलिग्रॅमची मर्यादा आणि श्वासचाचणी आली. २०१९ पासून पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. ब्रिटनच्या ८० शेजारी आपलं ३० कडक आहे. पण आपला आकडा सगळ्यांना एकच. वीस वर्षं गाडी चालवणाऱ्या माणसाला तोच आणि काल लायसन्स मिळालेल्या पोराला तोच.

म्हणजे मागच्या बाकावरच्या त्या मुलाला खरं उत्तर असं द्यायला हवं होतं, "३० हा पोलिसांचा आकडा आहे, तुझा नाही."

दोन रात्री

१२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर एक कार फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर चढली. सात जणांचा मृत्यू, आठ जखमी. चालक अ‍ॅलिस्टर परेरा, वय २१. रक्तात ०.११२ टक्के दारू आढळली. सत्र न्यायालयाने सहा महिन्यांची शिक्षा दिली, उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधाखाली तीन वर्षं केली आणि जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. वर हेही म्हटलं की ही शिक्षा अपुरी आहे, पण वाढवून मागायला सरकार आलेलंच नाही. मुंबई वाहतूक पोलिसांची ब्रेथ अ‍ॅनालायझर घेऊन नाकाबंदीची मोहीम २००७ मध्ये सुरू झाली. आज आपण थर्टी फर्स्टला जी नाकाबंदी बघतो, ती तिथून रूढ झाली.

दुसरी रात्र तुम्हाला आठवत असेलच. १९ मे २०२४, पुण्याचं कल्याणीनगर, १७ वर्षांचा मुलगा, पोर्शे गाडी, आणि दुचाकीवरचे दोन तरुण इंजिनिअर, ज्यांचा जीव गेला. त्याच दिवशी बाल न्याय मंडळाने जामीन दिला. अटींमध्ये एक अट होती, रस्ते अपघातावर ३०० शब्दांचा निबंध. देशभर संताप झाला, मंडळाने पुढे आदेश बदलला. रक्ताचा नमुनाच बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयातल्या डॉक्टरांना अटक झाली. खटला न्यायालयात आहे, त्यावर मी इथे मत देत नाही.

विडमार्कपासून शंभर वर्षं आम्ही केमिस्ट लोक आकडा अचूक करत आलो, आणि इथे आरोप असा की बाटलीवरचं रक्तच दुसऱ्याचं होतं. माझ्या विषयातल्या माणसाला हे वाचून काय वाटलं असेल ते सांगत नाही.

पण मला इथे बोलायचंय ते निबंधाबद्दल. ३०० शब्दांची सगळ्यांनी थट्टा केली. मीही केली. मग त्या शाळेतून परतताना जाणवलं की मी वर्गात जे केलं तेही त्यातलंच होतं. ३०० शब्दांच्या निबंधाऐवजी ४० मिनिटांचं भाषण. दोन्हींच्या मागे समजूत एकच, की मुलांना माहीत नाही म्हणून ती असं करतात, सांगितलं की करणार नाहीत.

शिकवून काय होतं?

ही समजूत तपासून झालेली आहे. अमेरिकेत जॉर्जियातल्या डीकाल्ब काउंटीत १९७० च्या दशकाच्या शेवटी सुमारे सोळा हजार शाळकरी मुलांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं वाटून, काहींना उत्तम ड्रायव्हिंग शिक्षण दिलं आणि काहींना दिलं नाही. अपघातांत टिकाऊ म्हणावी अशी घट दिसली नाही. उलट शिकलेल्या मुलांनी लायसन्स लवकर काढलं, म्हणजे रस्त्यावर लवकर आली.

कॅनडात टोरांटोच्या सनीब्रुक रुग्णालयाने १९८६ मध्ये दुसरा मार्ग धरला. किशोरवयीन मुलांना दिवसभर रुग्णालयात आणायचं आणि अपघातातला जखमी जिथून जिथून जातो तिथून न्यायचं, अगदी अँब्युलन्स, अतिदक्षता विभाग, व्हीलचेअरपर्यंत. हा कार्यक्रम पुढे अनेक देशांत गेला. मुलं हादरतात, लगेच विचारलं तर मतं बदललेली दिसतात. ती किती टिकतात आणि रस्त्यावर किती उतरतात, याबद्दल निष्कर्ष संमिश्र आहेत. त्यातली एक गोष्ट मात्र मला पटते. तिथे "दारू वाईट" हा विषय नाही. विषय आहे इजा.

ज्यांचा परिणाम खणखणीत दिसला ते उपाय वेगळेच होते. अमेरिकेने १९८४ च्या कायद्याने राज्यांना दारूचं वय २१ करायला भाग पाडलं आणि तरुणांचे रस्त्यावरचे मृत्यू घटल्याचं अनेक अभ्यासांत दिसलं. हेल्मेट, सीटबेल्ट, रस्त्यावर कधीही होणारी श्वासचाचणी, हे सगळे उपाय माणूस शहाणा होईल याची वाट बघत नाहीत.

विल्यम हॅडन नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १९७० च्या सुमारास हे एका साध्या तक्त्यात बसवलं. तीन ओळी, अपघाताआधी, अपघात होताना, अपघातानंतर. तीन रकाने, माणूस, गाडी, परिसर. झाले नऊ चौकोन. हॅडनचं म्हणणं असं की आपण सगळी ताकद एकाच चौकोनात घालतो, आधीचा माणूस. बाकी आठ रिकामे.

हे वाचताना मला आजोबा आठवले. मोहन्यातल्या बऱ्याच घरांसारखं आमचंही घर एनआरसीच्या भोंग्यावर उठायचं. कारखाना २००९ मध्ये बंद पडला, पण कारखान्याच्या गोष्टी अजून घरात आहेत. फिरत्या यंत्राला जाळी असते. कामगार सावध आहे की पेंगुळलेला, हे ती जाळी विचारत नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यात कलम २१ हेच सांगायचं, धोकादायक यंत्राभोवती संरक्षण बसवा. आणि कलम २३ तर खास कोवळ्या वयाच्या कामगारांसाठी होतं. धोकादायक यंत्रावर त्यांना काम द्यायचं तर धोके समजावून सांगा, पुरेसं शिक्षण द्या किंवा जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली ठेवा. "यंत्र वाईट" असा निबंध लिहून घ्या, असं त्यात कुठेही नव्हतं.

दुसरी फेरी

सरांना विचारून मी फेब्रुवारीत पुन्हा त्याच वर्गात गेले. या वेळी भाषण नाही. आधी एक गोष्ट सांगितली.

माझ्या दहावीच्या बॅचमधला एक मुलगा. बारावीच्या सुट्टीत एका हळदीला गेला होता. आपल्याकडची हळद म्हणजे काय ते मुलांना सांगावं लागलं नाही. डीजे, जेवण, आणि मंडपाच्या मागे दुसरी पंगत. याने दारू घेतली नव्हती, तो घ्यायचाच नाही. रात्री दीडला टिटवाळ्याकडून परत येताना तो मागे बसला होता. चालवणारा वाचला, थोडं लंगडतो. मागे बसलेला गेला. पुढे बरेच दिवस त्याची आई येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच सांगायची, "माझा तर पीत पण नव्हता."

वर्ग तेव्हा खरंच शांत होता.

मग मी एक सोपी उजळणी केली. कुलाब्यात पायी चालणारे तिघे, कार्टर रोडवर झोपलेले मजूर, पुण्यातले दुचाकीवरचे दोघे, आमच्या बॅचमधला मागे बसलेला मुलगा. चार घटना, चारही निराळ्या, पहिलीत तर चालक निर्दोष ठरले. पण ज्यांना लागलं त्यांच्यातल्या बहुतेकांच्या हातात स्टिअरिंग किंवा हँडल नव्हतं. "मी पीत नाही" या वाक्याने त्यांचं रक्षण झालं नसतं. या वर्गातली बहुतेक मुलं अजून काही वर्षं चालक नसणार, मागे बसणारी असणार. मागे बसणाऱ्याचा निर्णय त्यांना कोणी शिकवतच नाही.

मग फळ्यावर हॅडनचे नऊ चौकोन काढले आणि वर लिहिलं, "हळदीची रात्र". म्हटलं, भरा.

मुलांनी जे भरलं ते माझ्याच्याने सुचलं नसतं. "आधी" आणि "गाडी" या चौकोनात एका मुलीने सांगितलं, मंडपात शिरताना गाड्यांच्या चाव्या काकीकडे द्यायच्या, ती कोणाला घाबरत नाही. "आधी" आणि "परिसर" मध्ये आलं की लांबून येणाऱ्यांना रात्री तिथेच झोपायची सोय करायची, नाहीतर नवऱ्याकडच्यांनी टेम्पो ठरवायचा. डीजेला पैसे आहेत तर टेम्पोलाही होतील. "होताना" मध्ये हेल्मेट, मागच्यालाही. ट्रिपल सीट नाही. "होताना" आणि "परिसर" मध्ये पट्टे न मारलेले स्पीडब्रेकर आणि बंद दिवे, कुठे कुठे आहेत त्याची यादीच त्यांनी दिली. "नंतर" या ओळीला वर्ग अडला. "आपण उचललं तर पोलिसांचं लफडं मागे लागतं ना?" त्यांना सांगितलं की तसं नाही. जखमीला मदत करणाऱ्याला त्रास देता येणार नाही, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मान्य केले आणि २०१९ च्या दुरुस्तीमुळे मोटार वाहन कायद्यातच कलम १३४ अ आहे. १०८ ला फोन करायचा, नाव सांगायचंच असं बंधन नाही.

एका गोष्टीसाठी मात्र मी आकडे वापरले. शरीर दारू ठरावीक वेगाने काढून टाकतं, साधारण तासाला १०० मिलिलिटर रक्तामागे १५ मिलिग्रॅम. कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्याची आंघोळ यांनी हा वेग वाढत नाही. रात्री दोनला कोणाच्या रक्तात १२० असेल तर सकाळी सातला किती? मुलांनी लगेच केलं, पाच तास गुणिले १५ म्हणजे ७५, उरले ४५. "म्हणजे सकाळी लग्नाला निघताना पण जास्तच!" हळदीच्या रात्री जागलेला, सकाळी आंघोळ करून फ्रेश दिसणारा दादा गाडी काढतो तेव्हाही तो प्यायलेलाच असू शकतो, हे कोणालाच माहीत नव्हतं. खरं तर स्टाफरूममध्येही नव्हतं.

मागच्या बाकावरच्या त्या मुलाने शेवटी पुन्हा हात वर केला. म्हणाला, "ताई, चालवणारा मोठा असेल, मामा वगैरे, तर त्याला कसं सांगायचं? तो रागावला तर?"

माझ्याकडे याचं संशोधनातलं उत्तर नव्हतं. मी म्हटलं, मामाला काही सांगू नकोस. पोट दुखतंय म्हण, झोप येतेय म्हण, आईजवळ थांबतो म्हण. फक्त मागे बसू नकोस. त्याने मान डोलावली. शेजारचा म्हणाला, "पोट दुखतंय चालेल, ते कोणी तपासत नाही."

येत्या लग्नसराईआधी अजून दोन वर्गांत जायचं ठरलंय. सरांनी या वेळी विषय "व्यसनमुक्ती" ऐवजी "हळदीहून घरी कसं यायचं" असा लिहिलाय.